नर्मदातीरीचा निमाड

महाराष्ट्राबाहेरील मराठी जीवनाचा विषय निघाला, की तंजावर, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर ही नावे आपल्या ओठांवर सहज येतात. ही सारी राजधानीची शहरे. तेथे वाडे आहेत, ग्रंथालये आहेत, मराठी शाळा आहेत आणि आपल्या मंडळासारखी मंडळेही आहेत. पण मराठी माणूस केवळ शहरांतच वसला असे नाही. नद्यांच्या काठी, घाटांच्या पायथ्याशी आणि कापसाच्या काळ्या रानांतही त्याची पावले उमटली आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात अशाच एका शेतकरी जिल्ह्याची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे. तो जिल्हा म्हणजे मध्य प्रदेशातील खरगोन, अर्थात पश्चिम निमाड.

ही निवड करण्यामागे आमचा एक हेतू आहे. परप्रांतात पन्नास वर्षे नांदलेल्या मंडळाला केव्हा तरी हा प्रश्न पडतोच, की ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला, त्या भूमीत आपले म्हणून काय उरणार? निमाडात मराठी सत्ता आली, गाजली आणि अस्तासही गेली. तिच्यामागे तेथे काय राहिले आणि काय पुसले गेले, हे पाहिले असता या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पुष्कळ मदत होते.

दोन पर्वतांमधली भूमी

उत्तरेस विंध्य, दक्षिणेस सातपुडा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी नर्मदा, असे निमाडचे स्वरूप आहे. इंदूरकडून विंध्याचा घाट उतरला, की माळव्याची थंड हवा मागे राहते आणि तापलेल्या खोऱ्याचा झोत अंगावर येतो. उन्हाळ्यात खरगोनचे नाव देशातील अतितप्त गावांत वारंवार घेतले जाते. जमीन काळी आहे. कापूस, ज्वारी, मका आणि मिरची ही येथील पिके. हंगामात बेडिया येथील मिरचीचा बाजार लाल ढिगाऱ्यांनी भरून जातो आणि व्यापारी दूरदूरच्या प्रांतांतून तेथे उतरतात. जिल्ह्याचे मुख्य ठाणे खरगोन हे कुंदा नदीच्या काठी असून तेथील नवग्रहांचे मंदिर व त्याची जत्रा पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.

पूर्वी बडवानी हाही याच जिल्ह्याचा भाग होता. १९९८ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. बडवानीजवळच सातपुड्याच्या कड्यात कोरलेली आदिनाथांची ८४ फूट उंचीची मूर्ती आहे. तिला बावनगजा म्हणतात. प्रशासनाने सीमारेषा बदलल्या तरी लोकांच्या बोलण्यात निमाड अजून एकच आहे.

मराठ्यांच्या फार पूर्वी

आपल्या पाऊलखुणा शोधावयास निघालेल्या प्रवाशाने प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही भूमी आपल्याहून फार, फार जुनी आहे. महेश्वरच्या समोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर नावडातोली नावाची नावाड्यांची वस्ती आहे. तेथील टेकाडाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी १९५२-५३ मध्ये आणि पुढे १९५७ ते १९५९ या काळात बडोद्याच्या विद्यापीठाच्या सहकार्याने केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक संपूर्ण खेडे त्यांनी उजेडात आणले. गोल आणि चौकोनी झोपड्या, चुली, रंगीत नक्षीची मडकी, दगडाची बारीक पाती आणि थोडी तांब्याची हत्यारे, असा त्या लोकांचा संसार होता. जळून काळे झालेले धान्यही तेथे सापडले. प्रथम गहू, पुढे तांदूळ, शिवाय मसूर, मूग, उडीद आणि वाटाणा, एवढी विविधता त्यांच्या कोठारात होती. निमाडची चूल तेव्हापासून पेटलेली आहे.

पुराणांतील सहस्रार्जुनाची माहिष्मती ती हीच, असे मत अनेक विद्वानांनी मांडले आहे. महेश्वरपासून जवळच नर्मदा खडकांतून असंख्य धारांनी फुटून वाहते. त्या स्थळाला सहस्रधारा म्हणतात, आणि सहस्रार्जुनाने आपल्या हजार बाहूंनी नदी अडविली तेव्हा ती अशी फुटली, अशी कथा लोक सांगतात. महेश्वरच्या राजराजेश्वर मंदिरात याच सहस्रार्जुनाचे स्मरण केले जाते. तेथे तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत असतात.

खरगोनपासून सुमारे १८ किलोमीटरवर ऊन नावाचे गाव आहे. परमार राजांच्या काळातील, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांतील, हिंदू व जैन मंदिरांचा समूह तेथे शेतांमधून आणि घरांच्या परसांतून उभा आहे. चौबारा डेरा नावाच्या मंदिरात सापाच्या वेटोळ्यात अक्षरे गुंफून संस्कृत वर्णमाला व प्रत्यय कोरले आहेत. असाच सर्पबंध धारच्या भोजशाळेत आहे. या गावाच्या नावाची आख्यायिका मराठी माणसाला विशेष गोड वाटेल. बल्लाळ नावाच्या राजाने शंभर मंदिरे, शंभर विहिरी आणि शंभर तलाव बांधण्याचा संकल्प केला, परंतु प्रत्येकात एक उणे राहिले. म्हणून गावाचे नाव ऊन. वैशाखात तेथे गेलेल्या आपल्या माणसाला मात्र या नावाचा दुसरा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

रावेरखेडी

मराठ्यांच्या फौजा अठराव्या शतकाच्या प्रारंभीच नर्मदा ओलांडू लागल्या होत्या. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांनी अमझेरा येथे माळव्याचा सुभेदार गिरधर बहादुर याचा पराभव केला, आणि जानेवारी १७३८ मध्ये भोपाळच्या मोहिमेनंतर निजामाने नर्मदा व चंबळा यांमधील प्रदेशावरील मराठ्यांचा हक्क मान्य केला. निमाडचा प्रत्यक्ष संबंध आला तो १७४० च्या आरंभी. निजामपुत्र नासिरजंग याच्याशी गोदावरीकाठी झालेल्या युद्धानंतर मुंगी-शेवगावचा तह झाला आणि त्यात हंडिया व खरगोन ही परगण्यांसह बाजीराव पेशव्यांकडे जहागीर म्हणून आली. नव्या मुलखाचा बंदोबस्त लावण्यासाठी बाजीराव नर्मदातीरी आले. तेथे त्यांना ताप भरला, आणि २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे त्यांचा अंत झाला. वय अवघे ३९. काशीबाई त्या वेळी जवळ होत्या. वीस वर्षे घोड्याच्या पाठीवर काढणाऱ्या या पुरुषाला शनिवारवाड्यातील शय्या लाभली नाही. एका अनोळखी खेड्याच्या वाळवंटात त्याची चिता रचली गेली.

सनावदपासून आडवाटेने गेले असता नदीकाठी दगडी कोट लागतो. बाहेरून तो एखाद्या जुन्या धर्मशाळेसारखा दिसतो. आत मोकळे अंगण आहे आणि मधोमध समाधी. राणोजी शिंद्यांनी ती बांधविली असे सांगतात. वर ना कळस, ना नक्षीचे वैभव. खाली नर्मदेचे विस्तीर्ण पात्र आणि सभोवार शांतता. पुण्याहून दिल्लीपर्यंत ज्याच्या नावाचा दरारा होता, त्याच्या स्मरणाला येथे अनेक वर्षे सोबत होती ती गुराख्यांची आणि परिक्रमावासीयांची. अलीकडे पुण्यतिथीच्या सुमारास येथे येणाऱ्यांची संख्या वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

महेश्वरची राणी

निमाडच्या मराठी इतिहासातील दुसरे नाव मात्र तेथील मुलांनाही शिकवावे लागत नाही. चौंडीच्या पाटलाच्या घरी ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या पदरात दुःखे एकामागून एक पडली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव. त्यानंतर त्यांनी आपले वास्तव्य महेश्वर येथे नेले आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी देहावसान होईपर्यंत तेथूनच राज्य केले. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे होती. मुलकी कारभार, न्याय आणि खजिना बाईंच्या हाती होता.

राजधानी म्हणून महेश्वरचा वाडा पाहावयास जाणारा मनुष्य क्षणभर गोंधळतो. किल्ल्याचे दरवाजे भव्य, घाट त्याहून भव्य. पण राणीचे राहते घर म्हणजे लाकडी खांबांचे, ओसरीचे, आपल्याकडील एखाद्या सधन देशमुखाच्या वाड्यासारखे साधे घर. गादीची जागाही तशीच साधी. ओसरीवरून बाईंनी फिर्यादी ऐकल्या आणि न्याय दिला. मातीची लहान लहान शिवलिंगे करून, त्यांची पूजा करून ती नर्मदेत विसर्जित करण्याचा त्यांच्या काळचा परिपाठ महेश्वरात पुढेही चालू राहिला.

त्यांच्या दानधर्माची व्याप्ती आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. काशीचे विश्वेश्वर मंदिर १७८० मध्ये, सोमनाथचे नवे मंदिर १७८३ मध्ये आणि गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये त्यांच्या हातून उभे राहिले. आपल्यापैकी जे ज्या प्रांतात राहतात, त्या प्रांतात बाईंचा एखादा घाट, विहीर वा धर्मशाळा बहुधा सापडेल. यातील एक बारकावा मात्र क्वचितच सांगितला जातो. होळकरांच्या दौलतीचे दोन हिशेब होते: एक सरकारी आणि दुसरा खासगीचा. खासगी जहागीर १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे मिळाली होती, व पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. देवालये आणि अन्नछत्रे यांचा खर्च या खासगीतून होई. रयतेच्या पैशाला धर्माच्या नावानेही हात लावावयाचा नाही, हा त्यातील विवेक आजही शिकण्यासारखा आहे.

डोंगरातील भिल्लांशी बाईंनी वागण्याची जी रीत ठेविली, तीही लक्षात घेण्याजोगी आहे. वाटसरूंना लुटणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त तर त्यांनी केलाच, पण त्यासोबत डोंगरवाटांवरून जाणाऱ्या मालावर ‘भिलकवडी’ नावाची लहानशी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क मान्य केला, आणि त्या बदल्यात वाट सुरक्षित राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. बाईंच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने या प्रांतातील वृद्धांना विचारून त्यांच्या कारभाराची माहिती जमविली. १८२३ च्या आपल्या ग्रंथात त्याने केलेला बाईंचा गौरव हा जिंकणाऱ्या सत्तेच्या प्रतिनिधीने केलेला गौरव असल्यामुळे अधिकच मोलाचा ठरतो.

घाटावर फिरताना फणसे घाटाचे नाव ऐकले, की मन हेलावते. बाईंची कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. आधी नातू गेला. १७९१ मध्ये जावई गेले आणि आईच्या विनवण्यांना न जुमानता मुक्ताबाई सती गेली. अवघ्या राज्याला न्याय देणारी ती माता येथे असहाय झाली. त्यानंतरची चार वर्षेही त्या ओसरीवरचे काम थांबले नाही.

विणलेला घाट

महेश्वरने साऱ्या देशाला दिलेली देणगी म्हणजे माहेश्वरी लुगडे. बाईंनी बऱ्हाणपूर, सुरत आदी ठिकाणांहून विणकर आणवून त्यांना येथे वसविले, अशी परंपरा आहे. पाहुण्यांना आणि आप्तस्त्रियांना भेट देण्याजोगे वस्त्र आपल्याच गावी व्हावे, हा त्यामागील उद्देश होता. या साडीचे पोत हलके. काठ दोन्ही बाजूंनी सारखे, त्यामुळे ती उलट-सुलट कशीही नेसता येते. त्या काठाला बुगडी म्हणतात. चटई, वीट, हिरा, लहर ही काठांवरील नक्षीची नावे आहेत, आणि किल्ल्याच्या भिंती व घाटावरील कोरीवकाम पाहिले म्हणजे ती नक्षी कोठून आली हे निराळे सांगावे लागत नाही.

राजधानी गेल्यावर आणि गिरणीचे कापड आल्यावर हा धंदा खालावला. विसाव्या शतकाच्या मध्यास तो जवळजवळ विझण्याच्या स्थितीत होता. १९७९ मध्ये होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांच्या पुढाकाराने रेवा सोसायटी स्थापन झाली. रेवा हे नर्मदेचेच नाव. स्त्रियांना मागावर बसविण्यावर तिने भर दिला. आज महेश्वरच्या गल्ल्यांत सकाळपासून मागांचा खटखटाट ऐकू येतो. या विणकरांत हिंदू आहेत आणि मुसलमानही आहेत. त्यांतील बहुतेकांना मराठी येत नाही. परंतु ‘माँ अहिल्या’ असे म्हणताना त्यांच्या स्वरात जो आदर असतो, तो कोणत्याही मराठी घरातील आदराहून उणा नाही.

सत्ता गेल्यानंतर

अहिल्याबाईंच्या नंतरची वीस-बावीस वर्षे निमाडास फार कठीण गेली. पेंढाऱ्यांनी आणि पगार थकलेल्या फौजांनी खेडी ओस पाडली. त्या फौजांत होळकरांच्याही फौजा होत्या. हे सांगितल्याखेरीज इतिहास पुरा होत नाही. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला हलली आणि महेश्वर शांत झाले. शेजारचे मंडलेश्वर काही काळ इंग्रजांच्या निमाड प्रांताचे मुख्य ठाणे होते. मंडनमिश्र आणि आद्य शंकराचार्य यांचा वाद याच गावी झाला, अशी तेथील श्रद्धा आहे. १८५७-५८ च्या उठावात भीमा नायक आणि खाज्या नायक या भिल्ल पुढाऱ्यांनी सातपुड्यात इंग्रजांना बेजार केले. १९४२ च्या आंदोलनात मंडलेश्वरच्या तुरुंगातील राजबंद्यांनी गांधीजयंतीच्या दिवशी तुरुंगाचा दरवाजा फोडून बाहेर पडण्याचे धाडस केले. या सर्व कथा निमाडच्या स्वतःच्या आहेत.

ओळखीचा सुगंध

निमाडी ही स्वतंत्र बोली आहे. तिच्यावर माळवी, गुजराती, भिल्ली आणि खानदेशी यांचे संस्कार दिसतात. सोळाव्या शतकातील संत सिंगाजी यांची पदे निमाडातील शेतकरी अजूनही रात्री झांज-मृदंगावर गातो. वारकरी घरात वाढलेल्या माणसाला ते गाणे परके वाटत नाही.

चैत्रात येथे गणगौरीचा सण नऊ दिवस चालतो. टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवितात, त्यांना जवारे म्हणतात. रनुबाई माहेरी येते, धनियर राजा तिला न्यावयास येतो, आणि सारा गाव डोळे पुसत तिची पाठवणी करतो. आपल्याकडेही याच महिन्यात गौर माहेरी येऊन झोपाळ्यावर बसते, तिच्यासमोर आंब्याची डाळ आणि पन्हे ठेवले जाते. नर्मदेच्या दोन्ही अंगांच्या स्त्रियांनी एकाच मुलीला माहेरी बोलाविले आहे.

आणि जेवण? निमाडच्या शेतकऱ्याला त्याचे आवडते जेवण विचारा. तो ज्वारीची रोटी आणि अमाडीची भाजी असे सांगेल. आपली भाकरी आणि आपली अंबाडी! वर लसणाची फोडणी आणि बाजूला लाल मिरची. हा मेनू कोणत्याही तहनाम्यात लिहिलेला नव्हता, तरी तो दोन्ही मुलखांत टिकून राहिला.

पाण्याखालील प्रश्न

आज निमाडला जो धोका आहे, तो फौजांचा नाही. नर्मदेवर एकापाठोपाठ धरणे झाली. सरदार सरोवर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले तेव्हा बडवानी आणि धार जिल्ह्यांतील कित्येक गावे, शेते आणि देवळे पाण्यात गेली. मंडलेश्वरजवळील महेश्वर जलविद्युत प्रकल्पाची क्षमता ४०० मेगावॉट योजिली होती आणि त्याच्या जलाशयाची झळ ६१ गावांना पोहोचणार होती. त्या पाण्याची चिंता रावेरखेडीच्या समाधीलाही होती. भिंत उभी राहिली, पण प्रकल्प रखडला. २०२० मध्ये राज्य शासनाने त्याचा वीजखरेदी करार रद्द केला. धरणाचे पाणी अनेकांच्या शेतांना आणि शहरांना मिळते, हेही खरे आहे. तथापि समाधीची काळजी वाहताना आपण मराठी माणसांनी त्याच काठावरच्या शेतकऱ्याच्या, नावाड्याच्या आणि कोळ्याच्या घराचीही तेवढीच काळजी वाहिली पाहिजे. ती समाधी पावणेतीनशेहून अधिक वर्षे आपल्या वतीने त्यांनीच राखली आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

इंदूरपासून महेश्वर सुमारे ९० किलोमीटर आहे. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस प्रवासास उत्तम. एक मुक्काम महेश्वरला करावा. पहाटे घाटावर बसून बाणेश्वराच्या मंदिरामागून उजाडताना पाहावे, नावेने नावडातोलीला जावे, दुपारी माग पाहावेत. दुसऱ्या दिवशी मंडलेश्वर आणि ऊन. रावेरखेडीसाठी वेगळा अर्धा दिवस ठेवावा, आणि सोबत पाणी व भाकरी न्यावी, कारण तेथे बाजारपेठ नाही.

२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्मास ३०० वर्षे झाली. त्या निमित्ताने देशभर समारंभ झाले. परंतु निमाडचा शेतकरी त्यांचे नाव घेतो ते समारंभासाठी नव्हे. त्याच्या आजोबांनी ज्या पायऱ्यांवर स्नान केले, त्या पायऱ्या बाईंनी बांधल्या म्हणून. निमाडात मराठ्यांनी वसूल केलेल्या चौथाईचे आकडे दप्तरांत पडून आहेत. घाट, माग आणि सुरक्षित केलेली वाट मात्र आजही रोजच्या वापरात आहेत. आपल्या मंडळाने गेल्या पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके केली, आपली भाषा मुलांच्या कानांवर राहावी म्हणून खटपट केली. ती पुढेही व्हावीच. त्याचबरोबर ज्या गावाने आपल्याला सामावून घेतले, त्या गावातील परक्या भाषेच्या माणसाच्याही उपयोगी पडेल असे एखादे काम येत्या पन्नास वर्षांत आपल्या हातून उभे राहावे. एखादी पाणपोई, एखादे वाचनालय, एखाद्या विद्यार्थ्याच्या राहण्याची सोय. आमच्या वाचकांनी सुटीत गावी जाताना वाट थोडी वाकडी करून, मुलांना बरोबर घेऊन, एकदा निमाड पाहावा आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून या गोष्टीचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.